डावी मी, उजवी चंद्रकांता

माणसाच्या गळ्यात शिट्टी असावी की नसावी, याबद्दल पूर्वी माझं काहीच मत नव्हतं. मग चंद्रकांताच्या मामाच्या गळ्यात ती पाहिली आणि मत तयार झालं. शिट्टी असावी, पण ती माझ्या मामाच्या गळ्यात असावी. अडचण एवढीच होती की मला मामा नव्हता. आई तिच्या माहेरी एकुलती एक. यात आईचा काही दोष नाही हे मला समजतं, तरी त्या दिवशी मी तिच्याशी नीट बोलले नाही.

मी रुखमिणी. नाव आजीचं, उंची बाबांची आणि पाय माझे स्वतःचे. या पायांविषयी आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यांच्यामुळे झाला. ब्याऐंशी साली मी नववीत होते. दिल्लीत एशियाड भरणार होतं आणि त्याचं वारं भंडाऱ्याजवळच्या आमच्या फॅक्टरीच्या कॉलनीपर्यंत पोचलं होतं. ज्यांनी आयुष्यात बस पकडायलासुद्धा धाव घेतली नाही असे काका लोक संध्याकाळी क्वार्टरसमोर उभे राहून हात फिरवताना दिसू लागले. अशात शाळेत सरांनी जाहीर केलं की डिसेंबरात भंडाऱ्याला जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत आणि आठशे मीटरला आपल्या शाळेतून एक मुलगी जाईल. सर 'एक' म्हणाले, आणि सगळ्या वर्गाने वळून चंद्रकांताकडे पाहिलं.

चंद्रकांता पाचवीपासून दरवर्षी पहिली येत होती, हे मी नाकारत नाही. मी दुसरी यायची. पण त्या पावसाळ्यात माझे पाय अचानक लांब झाले होते आणि ऑगस्टात एकदा, मैदानावर कोणी नसताना, मी तिला हरवलं होतं. कोणी नसताना, हीच तर बोंब. तिने ते कोणाला सांगितलं नाही आणि मी सगळ्यांना सांगितलं तर कोणी मानलं नाही. तरी त्या दिवसापासून मी वेगळी चालू लागले. मान वर, खांदे मागे. आईने विचारलं, "मान आखडली का?"

गणपती उठले आणि चंद्रकांताचा मामा नागपूरहून आला. निळा ट्रॅकसूट, बाजूला पांढऱ्या पट्ट्या, मुठीत टिकटिक करणारं घड्याळ आणि ती शिट्टी. चंद्रकांता त्याला मामा म्हणत नव्हती, 'माझे कोच' म्हणत होती. "आज माझ्या कोचनं अंडं खायले सांगितलं," असं ती प्रार्थनेच्या रांगेत, समोर पाहत, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणायची. आता खरं पाहिलं तर त्यांच्या घरातून रोज संध्याकाळी तिची आई हाक मारायची, "नत्थू, दळण आणून दे रे," आणि कोच शिट्टी बनियनच्या आत सोडून पिठाचा डबा घेऊन निघायचे. पण माणूस जळायला बसला की त्याला डबा दिसत नाही, पांढऱ्या पट्ट्याच दिसतात.

"मलेही कोच पायजे," मी घरी जाहीर केलं.

बाबा म्हणजे लक्ष्मणराव, फॅक्टरीत मशीनवर काम करतात आणि प्रत्येक गोष्टीला मशीनसारखा शांतपणे हात घालतात. ते म्हणाले, "घेऊ ना. पण पाहून घेऊ. चप्पल घ्यायची तर आपण चार दुकानं फिरतो. हा तर शरीराचा मामला आहे."

आमची आणि पुष्पाकाकूंची भिंत एकच. त्यामुळे आमच्या घरचा कोणताही निर्णय काकूंच्या हजेरीतच होतो. त्या लगेच हात पुसत दारात आल्या. "लक्ष्मणभाऊ, आधी शाळेतल्या सराईले विचारा. घरचा माणूस सोडून बाहेर कायले जाता?"

सर आम्हाला भूगोल शिकवतात आणि पी.टी. घेतात, दोन्ही खुर्चीवर बसून. बाबा त्यांना भेटले. सर म्हणाले, "मी पंच आहे. मी एकीले शिकवलं तर दुसरी म्हणेल पक्षपात. म्हणून मी कोणालेच शिकवत नाई." असा निःपक्षपाती माणूस मी पुढे कुठे पाहिला नाही.

मग बाबांच्या खात्यातले धनीरामकाका निघाले. ते रोज सकाळी क्वार्टरसमोरच्या गवतावर शीर्षासन करतात आणि त्यांच्या मते सर्दी, गणित आणि वरिष्ठांशी भांडण या तिन्हींवर तोच उपाय आहे. "पळायसाठी पाय पायजेत, आणि पायाले आराम पायजे. उलटं झाल्याशिवाय पायाले आराम कसा भेटेल?" हे बोलणं ऐकताना पटतं. नंतर एकटं बसून विचार केला की पटत नाही, पण तोवर मी कंपाउंडच्या भिंतीला पाय लावून उलटी झालेली होते. त्याच वेळी समोरच्या रस्त्याने चंद्रकांता धावत गेली. मागून सायकलवर कोच. जग उलटं होतं, आकाश खाली होतं, तरी ती माझ्यापुढेच. मी त्याच क्षणी योग सोडला.

"दवाखान्यात न्या," पुष्पाकाकू म्हणाल्या. "आमच्या यांची कंबर धरली होती तर तिथल्या व्यायामवाल्या बाईनं असे पाय हलवून हलवून मोकळी केली. सरकारमान्य बाई आहे."

सरकारमान्य हा शब्द बाबांना आवडतो. आम्ही गेलो. चिठ्ठी फाडणारा म्हणाला, "व्यायामवाल्या बाईकडे डॉक्टर पाठवतात. डॉक्टरांकडे आजारी माणूस जातो. हिले काय झालं?" बाबा म्हणाले, "काही नाई, हिले पळायचं आहे." तो म्हणाला, "काही नाई असं लिहायले इथं जागा नाई." मागे रांग खोकत होती. बाबा गडबडले आणि म्हणाले, "अशक्तपणा लिहा." डॉक्टरांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, लाल गोळ्या दिल्या आणि कागदावर लिहिलं, दोन आठवडे खेळ बंद, पूर्ण आराम. हा कागद बाबांनी प्रामाणिकपणे शाळेत नेऊन दिला. बाबांना कुठलाही शिक्का मारलेला कागद घरी ठेववत नाही.

सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. चंद्रकांता मागे वळली आणि अतिशय मायेने म्हणाली, "काय झालं वं तुले? आधी नाई का सांगायचं?" मला कोणी मारलं असतं तर चाललं असतं.

ते दोन आठवडे मी मैदानाच्या कडेला, सरांच्या शेजारी खुर्चीवर काढले. समोर चंद्रकांता गोल गोल फिरत होती, कोच घड्याळ पाहून "शाब्बास" म्हणत होते आणि सर मला ब्राझीलचं हवामान समजावून सांगत होते.

अखेर नाव निघालं ते आंधळगावच्या टेकचंदचं. पुष्पाकाकूंचं माहेर आंधळगावचं. त्या म्हणाल्या, "पळवणारा माणूस पायजे ना? मंग टेकचंदवाणी माणूस या जिल्ह्यात नाई. पण तो बैल पळवते."

बैल हा शब्द ऐकून बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्या पास होण्यावरही कधी आलं नव्हतं. बाबा मूळचे धानाच्या शेतीवाल्या घरचे. आमच्याकडे धान निघाला की गावोगाव शंकरपट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. सरळ लांब रान, हलका छकडा, त्यावर उभा हाकणारा, आणि दोन्ही बाजूला अख्खा तालुका. बाबा फॅक्टरीत दुसऱ्या कशाला सुट्टी टाकत नाहीत, पटाला टाकतात. "टेकचंदची जोडी मी स्वतः पाहिली आहे," बाबा म्हणाले. "जमिनीले पाय लागत नव्हते त्यांचे."

आई इतका वेळ तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "पोरीले बैलवाल्याच्या हाती देता?"

"ललिता, धावणं ते धावणं. पाय दोन असले काय, चार असले काय."

"आणि हिचं लग्न जमवताना काय सांगू? हिले टेकचंदनं घडवलं म्हणून?"

बाबा एका रविवारी सायकल बसच्या टपावर टाकून आंधळगावला गेले आणि टेकचंदला घेऊन आले. म्हणजे गेटपर्यंत घेऊन आले. आमच्या कॉलनीत बाहेरच्या माणसाला पास लागतो. पासबाबू चष्म्यातून म्हणाले, "कोण आहेत हे? नातेवाईक, दूधवाला, घरकामवाली की ठेकेदाराचा माणूस?"

"शिकवणारे आहेत. पळायले."

"असं काही येत नाई यात."

बाबांनी टेकचंदकडे पाहिलं. उंच, काळा, पांढरं धोतर, खांद्यावर गमछा, पायात कर्र वाजणारा जोडा. दूधवाला म्हणावं तर हातात चरवी नव्हती. बाबा म्हणाले, "मेहुणा आहे माझा."

अशा रीतीने, सरकारी शाईने, मला मामा मिळाला.

आई आधी बाबांवर चिडली. पण दारात उभ्या माणसाला पाणी द्यावंच लागतं, आणि टेकचंदने तांब्या घेऊन म्हटलं, "कशी आहेस बाई?" आईला असं कोणी विचारल्याला वर्षं झाली असतील. ती पदर सावरून म्हणाली, "बरी आहो भाऊ. बसा, जेवूनच जा." संध्याकाळपर्यंत ती त्याला लहानपणच्या गोष्टी सांगत होती, जणू त्याला त्यातलं थोडंफार आठवत असेल.

पुष्पाकाकू भिंतीवरून म्हणाल्या, "ललिताबाई, तुमाले भाऊ कधी झाला?"

"तुमीच तर नाव सांगितलं," आई म्हणाली.

आता परीक्षा माझी. मामाने मला अंगणात उभं केलं, भोवती फिरला, टाच पाहिली, खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "आ कर." मी आ केला. त्याने दात पाहिले. "वय बरोबर आहे," तो बाबांना म्हणाला. माझा जन्मदाखला घरात होता, पण कोणी विचारलं नाही. मग त्याने मला मैदानावर पळवलं. मी जीव तोडून पळाले, मान वर, खांदे मागे. परत आले तर हा गवताची काडी चावत बसलेला.

"पाय सोन्याचे आहेत," तो म्हणाला. "पण एकटी पळते. एकटी पळते म्हणून मागं पाहते. मागं पाहणारा बैल कधी पट मारत नाई."

"मंग?"

"जोडी लागते. माझाच उजवा साप लागून मेला औंदा. डावा उभा आहे गोठ्यात. खाते, पिते, पण पळत नाई. कोणासाठी पळेल?" त्याने तोंडातली काडी काढून फेकली. मग म्हणाला, "हिच्या उंचीची, हिच्या चालीची पोरगी पायजे. मी पाहतो."

तीन संध्याकाळी तो मैदानाच्या कडेला बसून कॉलनीतल्या पोरींची चाल पाहत होता. लोकांनी चौकशी केली तेव्हा बाबा सांगायचे, मेहुण्याला हवा मानवते इथली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. चौथ्या दिवशी तो घरी आला, पाटावर बसला आणि आईला म्हणाला, "भेटली उजवी. अशी पोरगी मी पटावरही पाहिली नाई. पाय टाकते तर जसं पाणी. चंद्रकांता नाव आहे म्हणतात."

माझ्या ताटात तेव्हा वांग्याची भाजी होती. मला वांग्याची भाजी आवडते. त्या दिवशी मी ती खाल्ली नाही, आणि का खाल्ली नाही हे एकालाही कळलं नाही. सगळ्यांनी मिळून मिठाला दोष दिला.

मी बाबांना म्हटलं, मला तिला हरवण्यासाठी कोच हवा होता, तिला आणखी चांगली करण्यासाठी नाही. बाबा म्हणाले, "तज्ज्ञ माणूस निवडला की त्याच्यात बोलायचं नसते." मला वाटलं चंद्रकांता तरी नाही म्हणेल. तिचे एवढे ट्रॅकसूटवाले कोच. पण ती दुसऱ्या दिवशी पहाटे फॅक्टरीच्या भोंग्याच्याही आधी आमच्या दारात उभी. मी डोळे चोळत विचारलं, "तुझे कोच?"

"झोपले आहेत," ती म्हणाली. "ते नुसतं घड्याळ पाहतात वं. हे पाय पाहतात म्हणे."

तालीम सुरू झाली. आम्ही फाटकाबाहेरच्या बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, गुडघाभर पाण्यातून, चिखलातून चालायचो, कारण मामाचे बैल तसेच चालायचे. भिजवलेला जवस आणि गूळ खायचो, कारण बैल तेच खायचे. आमच्या घोट्यांना एकेक घुंगरू बांधलं होतं. दोघींचं घुंगरू एकदम वाजलं पाहिजे. मागेपुढे वाजलं की मामा जीभ टाळूला लावून असा काही आवाज काढायचा की आम्ही दोघी दचकून नीट व्हायचो. कमरेला गमछा बांधून आम्हाला एकत्र पळवायचा. मी डावी, ती उजवी. "रुखमी डावीकडं ओढते, चंद्री सांभाळून घेते," तो लोकांना सांगायचा. ऐकायला लोक होतेच. धनीरामकाका शीर्षासन सोडून येऊन उभे राहायचे आणि सरळ उभं राहूनही बरं वाटतं असं म्हणायचे.

आणि कौतुक सगळं चंद्रीचं. चंद्री दम टिकवते. चंद्री टाच उचलते. मी काय उचलत होते? एकदा मी इतकी टाच उचलली की मागून स्वतःलाच लाथ बसली. मामा म्हणाला, "रुखमे, उड्या नको मारू. चंद्रीकडं पाहून शीक." माझा मामा, माझ्या बाबांनी माझ्यासाठी खोटं बोलून आणलेला, माझ्या आईच्या हातचं जेवणारा, आणि म्हणतो चंद्रीकडं पाहून शीक.

भाऊबीज आली. आईने पाट मांडला, रांगोळी घातली आणि टेकचंदला ओवाळलं. आयुष्यात पहिल्यांदा ती कोणाला भाऊ म्हणून ओवाळत होती. तिने ताट दोन फेऱ्या जास्तच फिरवलं. मामाने चिनोर तांदळाचं पोतं आणि हिरवं लुगडं आणलं होतं. त्या क्षणापासून तो पासपुरता भाऊ राहिला नाही. जेवताना तो बाबांना म्हणाला, "जावईबापू, माझी बहीण वाळली थोडी," आणि बाबा, ज्यांनी ही सगळी भानगड निर्माण केली होती, ते खाली मान घालून भात कालवू लागले. चंद्रकांताही बसली होती पंक्तीला. मामाने आम्हा दोघींना लाल रिबिनी आणल्या होत्या, अगदी एकसारख्या. मी दोन्ही जोड उजेडात नेऊन पाहिल्या. तिच्या जास्त लाल होत्या.

निवडीच्या आठवड्यात पासाची मुदत संपली. गेटवर तेजराम हवालदार होते. त्यांनी मामाला अडवलं. "बहिणीचं नाव काय?"

"ताई."

"तिच्या नवऱ्याचं?"

"जावईबापू."

तेजराम हवालदारांनी दंडुका आडवा धरला. तेवढ्यात भाजी घेऊन पुष्पाकाकू आल्या. ज्या बाईने महिनाभर भिंतीवरून आईला भावाबद्दल टोमणे मारले ती पिशवी खाली ठेवून म्हणाली, "सख्खा भाऊ आहे. नाक पहा ना. एकच नाक आहे दोघांचं." आईचं नाक चपटं आहे, मामाचं पोपटासारखं. हवालदारांनी समोरचं नाक पाहिलं, दुसरं आठवून पाहिलं, पण नियम तो नियम. मामा गेटाबाहेरच राहिला. शेवटी तो कॉलनीच्या काटेरी तारेला फेरी मारून शाळेच्या मैदानामागे जाऊन उभा राहिला. तार त्याच्या छातीपर्यंत होती आणि मान बरोबर वर.

निवडीला आम्ही पाच जणी होतो. पण पहिल्या वळणानंतर दोघीच उरलो. घुंगरू नव्हतं, तरी मला ते ऐकू येत होतं. तिचा पाय पडला की माझा. तिचा श्वास की माझा. किती वेळा वाटलं, आता हिला टाकून पुढे जावं, पण पाय ऐकेनात. तिचंही तेच चाललं असणार, कारण ती आपल्या मामाच्या शिट्टीकडेही पाहत नव्हती. आम्ही दोघी एकाच छकड्याला जुंपल्यासारख्या आलो आणि दोरीला लागलो. सर खुर्चीवरून उठले. माझ्या नववीत ते तेव्हाच उठले.

"रुखमिणी," सर म्हणाले. "खांद्याभर पुढं."

मी ओरडले नाही. ओरडायला दम नव्हता. पण नत्थू कोच पुढे आले आणि त्यांनी पहिल्यांदा काहीतरी कामाचं सांगितलं. "सर, ही आतून पळाली. आमची बाहेरून. गोल मैदानात बाहेरून पळणाऱ्याले जास्त अंतर पडते."

सर विचारात पडले. भूमिती आम्हाला दुसरे सर शिकवतात. "मैदान गोल आहे ही माझी चूक नाई," ते म्हणाले. "पृथ्वीही गोल आहे." आणि माझं नाव लिहिलं. चंद्रकांता राखीव.

मी तारेपाशी धावत गेले. मामाच्या तोंडून मला एकदा, फक्त एकदा, ऐकायचं होतं. तो म्हणाला, "मस्त. डावी नेहमीच पुढं दिसते. मेहनत उजवीची असते." मग तारेवरून हात घालून त्याने माझ्या डोक्यावर ठेवला. पण नजर होती माझ्यामागे, चंद्रकांतावर. ती गवतावर बसून रिबीन सोडत होती.

जिंकूनही माणूस इतका जळू शकतो, हे कोणत्याच पुस्तकात दिलेलं नाही.

भंडाऱ्याच्या मैदानाला पास लागत नव्हता. म्हणून सगळे आले. आई हिरवं लुगडं नेसून, बाबा सुट्टी टाकून, पुष्पाकाकू चिवडा घेऊन, नत्थू कोच घड्याळ घेऊन, मामा गमछा टाकून, आणि त्याच्या शेजारी राखीव चंद्रकांता. तुमसर, साकोली, पवनी, कुठकुठच्या पोरी होत्या. कोणाच्या पायात बूट, कोणी माझ्यासारखी अनवाणी. मी रेषेवर उभी राहिले. मान वर, खांदे मागे. मला जगातलं कोणी हरवू शकणार नाही अशी माझी खात्री होती, आणि आता बाजूला चंद्रीही नव्हती की जिला कौतुकाचा वाटा द्यावा.

बार झाला. मी सुटले आणि लगेच काहीतरी चुकलं. उजवी बाजू उघडी पडल्यासारखी वाटली, झंपराची एक बाही घरी राहिल्यासारखी. पाय पडत होते, पण कशावर पडायचं ते त्यांना कळत नव्हतं. मी उजवीकडे पाहिलं. कोणी नाही. पुन्हा पाहिलं. पोरी पुढे निघून चालल्या होत्या. तेवढ्यात मागून एक बारीकशी मुलगी आली आणि माझ्या उजव्या खांद्याला आली. तिच्याही वेणीत लाल रिबीन होती. तिचा पाय पडला. माझा पडला. तिचा, माझा. अंगातून बरं वाटलं. सगळं जुळलं. मी तिला पुढे जाऊ दिलं नाही, मागे राहू दिलं नाही. ती एकदा घाबरून माझ्याकडे वळून पाहू लागली, तर मी तिला जीभ टाळूला लावून आवाज काढून दाखवला. ती अजून घाबरली. दोन्ही फेऱ्या आम्ही खांद्याला खांदा लावून, अतिशय सुरेख पळालो.

अडचण एवढीच की ती पोरगी शेवटून दुसरी येणारी होती. म्हणून मीही तिच्यासोबत आले. डावी असल्यामुळे खांद्याभर पुढे.

 बाबा पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते. आई म्हणाली, "पडली नाई ना कुठं? मंग झालं." धनीरामकाका आले नव्हते, हे एक बरं झालं. मामाने मला समोर उभं केलं, दात मात्र पाहिले नाहीत. "पळाली मस्त तू," तो म्हणाला. "चाल एक नंबर. पण रुखमे, जोडी कोणाची घेतो ते पाहायचं की नाई? सगळ्या मैदानातली मरतुकडी निवडली."

मला रडायचं होतं. मी तयारीही केली होती. पण बसमध्ये जागा मिळाली ती नेमकी चंद्रकांताशेजारी, आणि तिच्यासमोर रडण्यापेक्षा मी खिडकीचा गज चावला असता. शहापूर आलं तशी ती सावरून बसली. आता ही दया दाखवणार, अतिशय मायेने काहीतरी विचारणार, म्हणून मी अंग आवळून बसले.

"कोण होती ती?" चंद्रकांताने विचारलं.

"कोण?"

"तुझ्या उजवीकडची."

"मले काय माहीत. पवनीची असेल."

"ओळख नाई, पाळख नाई, अन् लगेच पाय जुळले?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या सीटच्या पत्र्याकडे बघत होती. नाकाचा शेंडा लाल झालेला.

"मस्त जुळले पण," मी म्हटलं. "काही शिकवावंच लागलं नाई तिले."

 चंद्रकांताने केसातल्या रिबिनी ओढून काढल्या आणि दप्तरात कोंबल्या. मी अख्ख्या जिल्ह्यासमोर शेवटून तिसरी आले होते, बाबांचा चेहरा पडला होता, माझ्या मान वर ठेवण्याला आता काही अर्थ राहिला नव्हता, आणि तरी त्या बसमध्ये माझ्याएवढं खूश कोणी नव्हतं. चंद्रकांता जळत होती. पाचवीपासून पहिल्यांदा. आणि माझ्यावर.

गेटवर आम्ही उतरलो. मामा बाहेरूनच आंधळगावच्या बसकडे वळला, डावा बैल वाट पाहत असेल म्हणाला. जाताना आईला सांगून गेला, पुढच्या भाऊबीजेचा पास आत्ताच लिहून ठेवा. मोठी माणसं पुढे निघाली. मी एकटीच मागे चालत होते. मग मागून चपलांचा आवाज आला. चंद्रकांता, रस्ता एवढा रुंद असताना, अंग चोरून माझ्या उजवीकडे घुसली आणि चालू लागली.

पाय जुळवायला मी मुद्दाम जरा उशीर लावला.